ओळख बुडीत खाती

मोबाइल खाली ठेवा. हार घालून झाले, शाल झाली, 'सरांनी आम्हाला घडवलं' अशी भाषणंही झाली. आता घडवलेलं कसं निघालं, ते मी सांगतो. कौतुक ऐकायला आलेल्यांनी हवं तर चहाला जावं.

पहिल्या रांगेत नागरी बँकेचे संचालक बसलेत, त्यांच्या मागे पतसंस्थांचे चेअरमन, शेवटी जिल्हा बँकेचे शाखाधिकारी आणि वसुली अधिकारी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत 'सहकार' हा विषय शिकवला. सहकाराची तत्त्वं तुम्ही घडाघडा म्हणायचात. पाठांतर पक्कं आहे, समज कच्ची आहे, अशी शंका मला तेव्हाच होती. कोरोनाच्या दोन वर्षांनी शंका ठेवली नाही.

तुमचे त्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल मी वाचलेत. प्रत्येकात थोड्याफार फरकानं एकच वाक्य: महामारीच्या प्रतिकूल परिस्थितीतही संस्थेने प्रगतीची घोडदौड कायम राखली. कसली घोडदौड? ठेवी वाढल्या, ही? अरे, लग्नं बंद, बाजार बंद, प्रवास बंद. ज्याच्या हातात पैसा होता त्याला खर्चायला जागा नव्हती आणि उद्याची धास्ती होती. देशभर ठेवी वाढल्या, तशा तुमच्याही वाढल्या. यात तुमचं कर्तृत्व काय? त्याच अहवालात कर्जवाटपाचा आकडा कोपऱ्यात का बसवलाय, ते कुणी सांगेल?

कुणी नाही. ठीक आहे, मीच सांगतो. पण त्याआधी एक स्पष्ट करतो. कॅशियर, शिपाई, क्लार्क यांना मी आज बोलत नाही. बँका अत्यावश्यक सेवेत होत्या. एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यावर आलेले पाचशे रुपये काढायला बायका उन्हात रांगा लावून उभ्या होत्या, तेव्हा काचेपलीकडे बसून नोटा मोजणारी माणसं हीच. त्यांतली काही आज आपल्यात नाहीत. माझं बोलणं आहे ते निर्णय घेणाऱ्यांशी. म्हणजे ज्यांनी निर्णय घेतलेच नाहीत त्यांच्याशी.

तुमची पहिली सबब मला पाठ आहे: 'सर, आमच्या हातात काय होतं? सगळं रिझर्व्ह बँक ठरवते.' खोटं बोलताय, किंवा परिपत्रक वाचलेलं नाही. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं मुदत कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. १ मार्च ते ३१ मे. २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. शब्द लक्षात घ्या: मुभा दिली, हुकूम नव्हे. सहकारी बँकांची नावं त्यात स्पष्ट होती. आणि सवलत कशी, कुणाला द्यायची, याचं धोरण संचालक मंडळानं मंजूर करावं, असंही त्यात लिहिलं होतं. म्हणजे निर्णय मुंबईहून तुमच्या टेबलावर आणून ठेवला होता. तुम्ही काय केलंत? शेजारच्या बँकेचा ठराव मागवून घेतलात, वरचं नाव बदललंत आणि सूचक-अनुमोदक लिहून मोकळे झालात. मंडईतला अडत्या, शाळेची रिक्षा चालवणारा, वडापवाला आणि सरकारी पगारदार यांना एकाच ठरावात बसवलंत. पगारदाराचा पगार चालू होता. रिक्षावाल्याची रिक्षा वर्षभर दाराशी उभी होती. हा फरक रिझर्व्ह बँकेला मुंबईत बसून कळणार नव्हता, तुम्हाला खिडकीतून दिसत होता.

आता दुसरं. हप्ता पुढे गेला तरी व्याज थांबत नाही, हे किती कर्जदारांना समजावून सांगितलंत? लिहून घ्या, गणित सोपं आहे. पाच लाख शिल्लक, व्याज बारा टक्के, मुदत अजून साठ महिने. हप्ता येतो ११,१२२ रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात मिसळून शिल्लक होते ५,३०,७६०. हप्ता तोच ठेवला तर साठांऐवजी पासष्ट हप्ते भरावे लागतात आणि वर थोडी रक्कम उरते. सहा महिन्यांच्या सवलतीची किंमत सुमारे साडेसत्तावन्न हजार रुपये. हे गणित बारावीच्या पोराला सुटतं. ज्याची कमाई थांबली होती त्यानं ही किंमत मोजून सवलत घेणं शहाणपणाचंच होतं. पण ज्याच्याकडे हप्त्याचे पैसे होते आणि ज्यानं 'सरकारनं माफ केलंय' असं समजून ते घरात ठेवले, त्याचे साडेसत्तावन्न हजार तुमच्या गप्प बसण्यानं गेले. एका कागदावर हे गणित छापून दारावर लावायला किती खर्च आला असता? तुम्ही इंग्रजीत एसएमएस पाठवलात.

मग लोक कोर्टात गेले. आग्र्याच्या एका चष्म्याच्या दुकानदाराची याचिका सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. २३ ऑक्टोबर २०२० ला केंद्र सरकारनं योजना काढली: दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक सरकार भरेल. पुढे २३ मार्च २०२१ ला न्यायालयानं त्या काळापुरतं व्याजावरचं व्याज कोणत्याच कर्जदाराकडून घेऊ नये, असा निकाल दिला. पेढे वाटलेत तुम्ही! 'कर्जदारांना मोठा दिलासा' म्हणून फलक लावलेत. वर सांगितलेल्या कर्जात तो फरक किती येतो? सरळ व्याज तीस हजार, चक्रवाढीनं ३०,७६०. फरक सातशे साठ रुपये. सातशे साठ रुपयांचा फलक लावलात आणि तीस हजारांबद्दल मौन पाळलंत. मी हिशेब शिकवला होता, हातचलाखी नाही.

पतसंस्थावाले मागे हसतायत. हसू नका, तुमची पाळी आली. तुमची सबब निराळी: 'सर, ती सवलत आम्हाला लागूच नव्हती.' खरं आहे. तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, सहकार खात्याच्या कायद्याखाली येता. पण ठेवी घेताना ही ओळख का सांगत नाही? फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेतल्या ठेवीचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाख झालं. तुमच्याकडच्या ठेवीला ते संरक्षण एक रुपयाचंही नाही. ठेवीदारासमोर तुम्ही 'बँकेसारखेच', आणि कर्जदारानं हप्त्याची सवलत मागितली की 'आम्ही बँक नाही'. लागू नव्हती म्हणून द्यायला मनाई होती का? सभासद तुमचे, मंडळ तुमचं, ठराव तुमचा. काही संस्थांनी आपणहून हप्ते थांबवले, दंडव्याज सोडलं. त्यांना कुणी फासावर दिलं नाही.

आणि तुमचे पिग्मी एजंट! दारोदार फिरून रोजचे पन्नास-शंभर गोळा करणारा हा माणूस कमिशनवर जगतो. संचारबंदी लागली आणि त्याचं फिरणं बंद झालं, म्हणजे त्याची चूल बंद झाली. गावातल्या प्रत्येक टपरीची रोजची उलाढाल त्याच्या वहीत होती. कोणता सलूनवाला खरोखर बुडालाय, कोण रडगाणं गातोय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. फोनवरून त्याच्याकडून माहिती घ्या, त्याला महिन्याची ठरावीक रक्कम द्या, एवढं सुचलं नाही? तुम्ही त्याला घरी बसवलंत आणि अनलॉक झाल्यावर 'टार्गेट' घेऊन बोलावलंत.

तिसरी सबब: 'पैसाच नव्हता.' हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर बोलू नका. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं नाबार्डला पंचवीस हजार कोटी दिले, ते सहकारी बँका, ग्रामीण बँका आणि सूक्ष्मवित्त संस्थांपर्यंत जावेत म्हणून. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी पीककर्जासाठी नाबार्डमार्फत आणखी तीस हजार कोटींची घोषणा केली. बचत गटांची विनातारण कर्जमर्यादा दहा लाखांवरून वीस लाख करण्याची घोषणा मार्चअखेरीसच झाली होती. वेळेवर पीककर्ज फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सूट टिकावी म्हणून फेडीची मुदत आधी ३१ मे, मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. या शेवटच्या गोष्टीचं गांभीर्य कळतंय का? आपला शेतकरी ३१ मार्च ही तारीख जन्मतारखेपेक्षा पक्की लक्षात ठेवतो. ती पुढे गेलीय, हे ज्याला सोसायटीच्या गटसचिवानं सांगितलं नाही, त्यानं बाजार बंद असताना सावकाराकडून महिना पाच टक्क्यानं उचलून सोसायटीचं कर्ज भरलं आणि तुमच्या शंभर टक्के वसुलीच्या यादीत त्याचं नाव आलं. त्या यादीबद्दल तुम्ही ढाली घेतल्यात.

कर्जमुक्तीचंही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना टाळेबंदीत अर्ध्यावर अडकली. लाखो शेतकरी पात्र होते, पण पैसे यायचे होते. म्हणजे कागदावर ते थकबाकीदारच. मे २०२० मध्ये राज्य सरकारनं सांगितलं की ही रक्कम शासनाकडून येणे दाखवा आणि खरिपाला नवं कर्ज द्या. पण पाऊस जूनमध्ये येतो, तुमची फाइल ऑगस्टमध्ये हलते. पेरणी होऊन गेल्यावर दिलेलं पीककर्ज हे पीककर्ज नसतं, ते वरातीमागून आलेलं घोडं असतं.

फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० ला स्वनिधी योजना आली. दहा हजार रुपये खेळतं भांडवल, तारण नाही, वर्षभरात फेड, वेळेवर फेडणाऱ्याला सात टक्के व्याज सरकार परत देणार. सहकारी बँकांनाही तिचं दार उघडं होतं. भाजीची हातगाडी लावणारी बाई नगरपालिकेचं पत्र घेऊन तुमच्या शाखेत आली, तर तुम्ही तिला म्हणालात, दोन जामीनदार आणा. तारण नको म्हणून सरकारनं सांगितल्यावर जामीनदार कुठून काढलेत? दहा हजारांत तुम्हाला जोखीम दिसली. ज्याला दहा कोटी दिलेत त्याच्या बाबतीत ती का दिसली नव्हती, ते पुढच्या सभेत सांगा.

तुम्हाला आठवण करून देतो. टाळेबंदीच्या काही दिवस आधी, १३ मार्च २०२० ला, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना बजावलं की एकूण कर्जांपैकी किमान निम्मी कर्जं छोट्या रकमांची असली पाहिजेत, आणि एका कर्जदाराला, एका गटाला किती द्यायचं त्याची मर्यादाही आवळली. सहकारी बँकेला 'लहान माणसाला कर्ज द्या' असं परिपत्रक काढून सांगावं लागतं! जिचा जन्मच लहान माणसासाठी झाला तिला! हे परिपत्रक म्हणजे तुमच्या प्रगतिपुस्तकातला लाल शेरा होता. तुम्ही तो घरी दाखवला नाहीत.

आता वसुली. पहिल्या रांगेनं सरळ बसावं. ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही लागू होतो, म्हणजे तारण मालमत्ता कोर्टाची पायरी न चढता जप्त करता येते. हा निकाल तुम्हाला तोंडपाठ आहे, तारखेसह. बरोबर एका वर्षानं, ५ मे २०२१ ला, दुसऱ्या लाटेत, रिझर्व्ह बँकेनं व्यक्ती आणि छोटे व्यावसायिक यांच्या कर्जांची फेररचना करायची दुसरी संधी दिली. ३० सप्टेंबरपर्यंत निर्णय घ्यायचा होता. ही तारीख कुणाला आठवते? हात वर करा. बघा. एक ५ मे पाठ, दुसरी ऑप्शनला टाकली. जप्तीची नोटीस मराठीत, ठळक अक्षरात, पेपरात छापता. फेररचनेचा अर्ज मात्र शाखेत मागितल्याशिवाय मिळत नव्हता.

आणि फेररचना दिलीत, ती कुणाला? ऑगस्ट २०२० च्या पहिल्या योजनेत अट स्वच्छ होती: १ मार्च २०२० रोजी कर्ज नियमित हवं, तीस दिवसांहून जास्त थकलेलं नको. म्हणजे कोरोनाआधी जो नीट भरत होता त्याच्यासाठीच हे औषध होतं. काही महाभागांनी आधीच कुजलेली खाती त्यात बसवायची खटपट केली, कारण त्या खात्यांच्या मालकांशी पंगतीला बसायचं होतं. छपाईच्या कारखान्याचा प्रामाणिक मालक मात्र 'प्रकल्प अहवाल आणा, सीएचं सर्टिफिकेट आणा' या फेऱ्यांत दमला आणि शेवटी बायकोचं सोनं घेऊन तुमच्याकडेच गहाण ठेवायला आला. त्या ऑगस्टमध्ये सोनं तोळ्याला छप्पन हजारांच्या घरात होतं. गहाण घेताना तुम्ही खूश होता. पुढच्या मार्चला भाव चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजारांवर उतरला, तेव्हा लिलावाची पत्रं धाडताना हात थरथरला नाही.

लाभांशावर तर बोलायलाच नको, पण बोलतो. ४ डिसेंबर २०२० ला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देऊ नका, भांडवल राखा. बुडण्याच्या भीतीनं घरातला दाणा राखावा, इतकी साधी गोष्ट. तुमच्यापैकी किती जण सभासदांपुढे उभे राहून म्हणालात, की हे बरोबर आहे, ही रक्कम उद्या आपल्याच कामी येईल? तुम्ही म्हणालात, 'आम्हाला द्यायचा होता, पण रिझर्व्ह बँक देऊ देत नाही.' अलोकप्रिय निर्णय दुसऱ्याच्या नावावर आणि सातशे साठ रुपये आपल्या नावावर. याला नेतृत्व म्हणत नाहीत.

आणि कृपा करून 'कोरोनानं संस्था अडचणीत आली' हे बंद करा. सीकेपी बँकेचा परवाना एप्रिल २०२० च्या शेवटी, ऐन टाळेबंदीत रद्द झाला. तिच्यावर निर्बंध २०१४ पासून होते. कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये गेला. निर्बंध २०१७ पासून. पुण्याच्या शिवाजीराव भोसले बँकेचा मे २०२१ मध्ये गेला. निर्बंध २०१९ पासून. विषाणू येण्याआधीच या खाटेवर पडल्या होत्या. ठेवीदारांचं दुर्दैव असं की नेमकं दवाखान्याला पैसे लागले तेव्हा स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नव्हता. ज्याची वही आधीच चुकलेली असते त्याला परीक्षेच्या दिवशी ताप येतोच. मी चाळीस वर्षांच्या नोकरीत तो ताप पुष्कळ पाहिलाय.

आता पाठ्यपुस्तक उघडू. राइफायझेन हे नाव तुम्ही पाच मार्कांसाठी पाठ केलं होतंत. कोण होता हा? जर्मनीतल्या वायरबुश नावाच्या गरीब खेड्याचा मेयर. १८४६-४७ चा हिवाळा, दुष्काळ, लोक उपाशी. सरकारनं पीठ पाठवलं आणि हुकूम धाडला: रोखीनंच विका. रोख कुणाकडे होती? त्यानं गावातली बरी माणसं गोळा केली, जबाबदारी अंगावर घेतली आणि पीठ उधारीवर वाटलं, पीक आल्यावर फेडा म्हणून. लोकांनी फेडलं. ग्रामीण सहकारी पतपुरवठ्याचं मूळ तिथं आहे. ते परिपत्रकात नव्हतं, परिपत्रक असं असताना माणूस काय करतो यात होतं. आपल्याकडची १९०४ च्या कायद्याखालची पहिली खेड्यातली मंडळं अमर्यादित जबाबदारीची असायची. एक बुडाला तर सगळ्यांनी भरायचं. एवढं धाडस कशाच्या बळावर? एकमेकांच्या ओळखीच्या. आणि १९१८ साली, इन्फ्लुएन्झानं मुंबईत माणसं मरत होती त्याच वर्षी, तिथं सारस्वतांच्या काही मंडळींनी आपल्यातल्या अडल्यानडल्यांसाठी पतसंस्था काढली. आज ती देशातली मोठी नागरी सहकारी बँक आहे. साथीच्या वर्षात त्यांनी संस्था उभी केली. तुम्हाला उभी असलेली वापरता आली नाही.

कारण तुम्ही विसरलात की तुमच्याकडे काय आहे. मोठ्या बँकेकडे पैसा स्वस्त आहे, ॲप चांगलं आहे, तारणाची छाननी संगणक करतो. तुमच्याकडे एकच गोष्ट जास्त होती: समोरचा माणूस कोण, त्याचा बाप कसा होता, तो बुडवेल की मेला तरी फेडेल, हे तुम्हाला ठाऊक होतं. या ओळखीवरच सभासद तुम्हाला अर्धा-एक टक्का जास्त व्याज देतो. महामारी ही त्या ओळखीची परीक्षा होती आणि ऐन परीक्षेत तुम्ही ती बुडीत खाती टाकलीत. मग सांगा, सभासदानं तुमच्याकडे का यावं? मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारे लुटारू ॲपवाले त्याच काळात गावोगाव पोचले. त्यांना वाट तुम्ही करून दिलीत.

रडू नका, आणि मागून 'सर बरोबर बोलतात' असं कुजबुजूही नका. माना डोलवणारे विद्यार्थी मला कधीच आवडले नाहीत. काम देतो, लिहून घ्या. एक: प्रत्येक शाखेनं आपल्या कर्जदारांची उत्पन्नानुसार वर्गवारी करून ठेवायची, रोजंदारी, हंगामी, पगारदार, दुकानदार. बंदचा हुकूम आला की कोण पहिल्या आठवड्यात अडचणीत येईल, हे त्या दिवशी शोधत बसायचं नाही. दोन: आपत्तीतल्या सवलतीचं धोरण आजच मंजूर करायचं आणि सवलतीची किंमत किती, हे गणितासह मराठीत छापून द्यायचं. तीन: पिग्मी एजंट, गटसचिव आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांना वर्षातून दोनदा मंडळासमोर बसवायचं, चहा पाजायला नव्हे, ऐकायला. चार: नफ्यातली ठरावीक रक्कम छोट्या विनातारण तातडीच्या कर्जांसाठी बाजूला काढायची आणि तिला निवडणुकीच्या वर्षातही हात लावायचा नाही. पाच: फेररचना कुणाला दिली, कुणाला नाकारली आणि का, याची आकडेवारी नावं न घेता सर्वसाधारण सभेत वाचायची. मोठ्यानं.

यातल्या एकाही कामाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, सहकार आयुक्तांचं पत्र लागत नाही, नाबार्डचा पैसा लागत नाही. मंडळाची एक बैठक लागते आणि थोडी लाज लागते. पुढची साथ, पुढचा महापूर, पुढचा दुष्काळ तुम्हाला नोटीस देऊन येणार नाही. तोवर हे झालं नसेल, तर पाटीवरचा 'सहकारी' हा शब्द पुसा आणि सरळ सावकारीचा परवाना काढा; तो व्यवसाय निदान स्वतःबद्दल खोटं बोलत नाही.